ओ

डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं औषध, कालवायचं तर पाणी कोमट लागतं, आणि घाई मुळीच चालत नाही. त्या बुधवारी दुपारी फोटोवाले मास्तर तेच करत होते. स्टुडिओत आता सगळं काम कॉम्प्युटरवर चाले, पण गावातल्या दोन-तीन हौशी मंडळींनी अजून रोलचे कॅमेरे सोडले नव्हते. त्यांच्यासाठी बुधवारची दुपार राखलेली असायची. दुपारी गिऱ्हाईक नसे, आणि डार्करूमला दिवस काय, रात्र काय, दार लावलं की सारखंच.

आज मात्र काम सारखं थांबत होतं, कारण बाहेरच्या खोलीत त्यांची लेक पडद्यासमोर स्टुलावर बसली होती. तिला नवी नोकरी लागली होती आणि ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मास्तर हात पुसत बाहेर येत, कळ दाबत, स्क्रीनवर बघत आणि "परत" म्हणत. सहा वेळा झालं होतं. सहाही वेळा डोळे मिटलेले.

यात नवं काही नव्हतं. ही मुलगी आजवर उघड्या डोळ्यांनी एकाही फोटोत आली नव्हती. शाळेच्या ग्रुपमध्ये चाळीस पोरं टकामका बघतायत आणि ही मधोमध गाढ झोपलेली. घरात तिचं नावच 'मिटी' पडलं होतं. तिचा मामा म्हणायचा, "फोटोवाल्याच्या घरी आंधळी कोशिंबीर!" सगळे खो खो हसत. मास्तरही हसत, पण सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत थोडं.

"बाबा, सोडा आता," मिटी म्हणाली. "सांगा त्यांना, कामावर येणारी बाई अशीच दिसते म्हणून."

तेवढ्यात दार ढकलून शिवणवाल्या बाई आत आल्या.

मास्तरांनी कॅमेरा खाली ठेवला. या बाईंचं शिवणाचं दुकान दोनच गल्ल्या पलीकडे होतं. कपडे आखूड करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं असली कामं त्या करत. आणि गेली सव्वीस वर्षं मास्तर त्या गल्लीतून गेले नव्हते. बाजाराला जायचे ते लांबचा वळसा घालून. विजार लांब झाली तर खालून दुमडून घालत, पण तिथे टाकत नसत. बायको म्हणायची, "काय त्या बाईचं घोडं मारलंय तुम्ही?" यावर ते वर्तमानपत्र उघडत.

बाईंनी पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो काढला आणि काउंटरवर अलगद ठेवला. दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं, चार बोटांएवढ्या तोंडाचं बाळ. कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि गालावर तपकिरी डाग आला होता.

"मास्तर, हा उडत चाललाय," बाई म्हणाल्या. "निगेटिव्ह असेल ना तुमच्याकडे?"

मास्तरांना पहिल्या नजरेत कळलं का उडतोय ते. हायपोमधून, फोटो पक्का करणाऱ्या पाण्यातून, काढलेला फोटो तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो. नाही धुतला तर दिसत काही नाही, पण वर्षानुवर्षं आतून खात राहतो. हा फोटो त्यांनी दहा मिनिटांत आटोपला होता. तो हातातून कधी एकदा जातोय असं त्यांना झालं होतं.

मिटी वाकून बघत होती. "अय्या, किती गोड! कुणाचं हो मावशी?"

"माझं."

"मग आता केवढी झाली? कुठे असते?"

बाईंनी फोटोची कड बोटाने सारखी केली. "एकच दिवस होती."

मिटीचा चेहरा उतरला. तिने पटकन बाईंचा हात धरला, त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं. मग फोटो पुन्हा हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "नाक किती नाजूक आहे हिचं."

मास्तर काउंटरमागे उभे होते. आपली मुलगी स्वतःच्याच नाकाचं कौतुक करतेय, आणि त्या नाकासाठी दुसरीच बाई डोळे टिपतेय, हे बघत उभे होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं माणूस म्हणतो. धरणी काही तसं करत नाही. ते "बघतो" म्हणाले आणि डार्करूममध्ये शिरून त्यांनी दार लावून घेतलं.

आता जे झालं होतं ते सांगून टाकायला हवं.

सव्वीस वर्षांपूर्वी मास्तर गावातले एकमेव फोटोग्राफर होते आणि त्यांना त्याचा तोरा होता. एका सकाळी बाईंचा नवरा धावत आला. मुलगी झालीय, पण डॉक्टर म्हणतात दिवस काढणार नाही, एक फोटो काढून द्या. मास्तर घाईघाईने रोल भरून प्रसूतीच्या वॉर्डात गेले. बाईंनी बाळ छातीशी धरलं होतं. डॉक्टर, नर्स, शेजारच्या खाटांवरच्या बायका, सगळ्या बघत होत्या. बाईंनी केस सारखे केले आणि विचारलं, "नीट येईल ना हो?"

"न यायला काय झालं?" मास्तर म्हणाले.

बाराव्या फोटोला त्यांचं लक्ष कॅमेऱ्याच्या डाव्या कळीकडे गेलं. रोल पुढे सरकला की ती कळ आपोआप फिरते. ती फिरत नव्हती. म्हणजे भरताना फिल्मचं टोक पलीकडच्या खाचेत अडकलंच नव्हतं. आकडा पुढे जात होता, खटका वाजत होता, आणि फिल्म होती तिथेच गुंडाळलेली. शिकाऊ पोराने करावी अशी चूक. झाकण उघडून पुन्हा भरायला दोन मिनिटं पुरली असती.

पण सगळे बघत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मास्तरांनी ती झाकलेलीच ठेवली. पुढचे चोवीस फोटो त्यांनी न फिरणाऱ्या रोलवर काढले. "जरा इकडे बघा... हां, छान," असंही म्हणाले. दुपारी पुन्हा जाऊन काढू असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दुपारी बाळ गेलं.

मास्तरांच्या घरीही त्याच आठवड्यात मुलगी झाली होती. चार दिवसांची, दुपट्यातली, झोपलेली. तिचा निगेटिव्ह दोरीवर वाळत होता. एवढ्याशा बाळांचे चेहरे काय, सगळे सारखेच. बाईंचा नवरा दारात आला तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातात ओलसर पाकीट ठेवलं. "वॉर्डात उजेड कमी होता. एवढा एकच आलाय." तो माणूस त्यांच्या पाया पडला. मास्तरांनी पाय मागे घेतला नाही, तेवढंही सुचलं नाही त्यांना.

तर असा तो निगेटिव्ह. कपाटाच्या तळाशी, कोऱ्या पाकिटात. मास्तरांनी तो न शोधता काढला, कारण जागा कधी विसरलीच नव्हती. एन्लार्जरमध्ये बसवला, लाल दिवा लावला, कागदावर बारा सेकंद उजेड सोडला आणि कागद डेव्हलपरमध्ये सरकवला.

नळ ठिबकत होता. बाहेरून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. मिटी काहीतरी विचारत होती, बाई सांगत होत्या.

आधी दुपट्याची घडी आली. मग कपाळ, मग नाक. मास्तर ट्रे हलवत राहिले. गालाची गोलाई आली आणि तिच्यावर दोन काळे ठिपके उमटले. ठिपके मोठे झाले, ओले दिसायला लागले.

बाळाचे डोळे उघडे होते.

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी कागद चिमट्याने उचलून हायपोत टाकला, निगेटिव्ह काढून काचेवर धरला आणि भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये डोळे मिटलेले होते. पापण्यांच्या दोन बारीक रेघा स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी परत ट्रेकडे पाहिलं. हायपोच्या तळातून ते पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

कागद खराब असेल. म्हातारपणी डोळ्यांना काहीही दिसतं. त्यांनी नवं पाकीट फोडलं आणि दुसरा कागद घेतला.

या वेळी वास आधी आला. हायपोचा आंबूस वास त्यांच्या अंगात मुरलेला होता, तो नव्हे. फिनेलचा वास, उकळलेल्या कपड्यांचा, आणि त्याखाली दुधाचा. वॉर्डाचा वास. मास्तर तरीही ट्रे हलवत राहिले. सवय म्हणतात ती हीच.

बाळ आलं. डोळे उघडेच. पण आता बाळ गादीवर नव्हतं. त्याच्या खालून एक हात आला होता, दंडापासून बोटांपर्यंत, घट्ट धरलेला. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, मघाशी काउंटरवर फोटो ठेवणाऱ्या बाईंच्या अंगठ्यासारखंच. मागे लोखंडी खाटेचा दांडा होता. मास्तरांनी आपल्या मुलीचा फोटो घरच्या पलंगावर काढला होता, आणि तेव्हा तिला कुणीही धरलेलं नव्हतं.

हा तो फोटो होता. न निघालेला.

बाहेर अजून बोलणं चालू होतं. मास्तरांनी कान दिला. दोन आवाज होते, पण कोणता मिटीचा आणि कोणता बाईंचा ते आता कळेना. दोन्ही एकाच सुरात, एकाच जागी थांबत, एकच हसू हसत होते. 

त्यांनी दार बोटभर उघडलं. "बाई, जरा... आत या."

बाई आत आल्या आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं. लाल उजेडाचा एक फायदा असतो. त्यात माणूस शरमेने लाल झाला तरी दिसत नाही. मास्तर हे जाणून होते, म्हणून त्यांनी बाईंना बाहेर काही सांगितलं नाही, इथे बोलावलं. तोंड भिंतीकडे करून ते बोलायला लागले. कळ, न फिरलेला रोल, चोवीस खोटे खटके, दुसऱ्या बाळाचा निगेटिव्ह. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाहीत.

"...तो फोटो तुमच्या मुलीचा नाही, बाई."

बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मास्तर वळले.

"अहो, आई आहे मी. एक दिवस का होईना, होते ना. माझ्या पोरीच्या डोक्यावर एक केस नव्हता, आणि फोटोतलीला एवढं जावळ. पाकीट उघडलं तेव्हाच कळलं मला."

"मग... तेव्हाच का नाही बोललात?"

"हे रडत होते फोटो बघून. त्यांचं तेवढंही काढून घेऊ?" बाईंनी ट्रेकडे बघायचं टाळलं. "फाडून टाकणार होते मी. पण मग एकदा हाक मारून बघितली. तिचं नाव मी मनात ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. त्या नावाने फोटोला हाक मारली. रोज दुपारी, हे कामावर गेले की. कुणाला तरी मारायची होती ना हाक, मास्तर."

"अहो, त्यात काय..."

"चौथ्या वर्षी ओ आली."

मास्तरांना चार वर्षांची मिटी आठवली. भर दुपारी ती भातुकली टाकून उठायची आणि रिकाम्या खोलीकडे बघून "ओ" म्हणायची. तिची आई हसत विचारायची, "कुणाला ओ देतेस गं?" मिटी म्हणायची, "आईला." "अगं, मी तर इथे आहे!" यावर मिटी नुसती गोंधळून बघायची. शाळेत जायला लागली तशी सवय सुटली असं त्यांना वाटलं होतं. निदान घरी तरी नंतर कुणी ऐकलं नव्हतं.

"मला आधी आनंदच झाला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "लाज वाटते सांगायला, पण झाला. मग तो आवाज मोठा व्हायला लागला. पोरीचा झाला, मग बाईचा. तेव्हा मला भीती बसली. मेलेलं माणूस वाढतं का हो? म्हणजे मी कुणाच्या तरी जित्या लेकीला बोलावत होते. पाच वर्षं झाली, हाक मारणं सोडलं मी."

"मग बरं झालं की..."

"आता तीच मारते."

बाहेर कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"रोज दुपारी. 'आई' म्हणून. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसते. ओ दिली की ती येणार, मास्तर. आणि आली तर हवेतून थोडीच येणार? कुणाच्या तरी घरातून येणार." बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मला प्रिंट नको होती. त्या पोरीसमोर कसं बोलायचं म्हणून तसं म्हटलं. निगेटिव्ह जाळून टाका. आणि कुणाचं बाळ होतं ते, त्या आईबापांना सांगा. कुणाचं होतं?"

सगळं बोलून झालं होतं, एकच वाक्य उरलं होतं. दाराकडे बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण चार दिवसांच्या पोटच्या पोरीला मेलेली म्हणून खपवणारा बाप, हे आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं? मास्तरांनी चिमटा उचलून परत खाली ठेवला.

"होता एक..." ते म्हणाले. "जुना. पाकिटातला. आठवत नाही आता."

आणि ते म्हणता म्हणताच त्यांना कळलं की हा पंचविसावा खोटा खटका आहे. त्यांनी तोंड उघडलं. "नाही, बाई, थांबा, तो..."

"आई," बाहेरून हाक आली. अगदी साधी, जरा कंटाळलेली. "झालं का गं तुझं?"

मिटीची आई दोन दिवसांपासून बहिणीकडे गेलेली होती.

रिकाम्या घरात पाच वर्षं दातांत पदर धरून बसलेल्या बाई. पण इथे भिंतीपलीकडे जिवंत माणूस होतं, तासभर जिच्याशी गप्पा मारल्या ती मुलगी होती, आणि हाक अशी होती की कुणाच्याही तोंडून आपसूक उत्तर जावं.

"ओ," बाई म्हणाल्या. "आले, आले."

मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. उशीर झाला होता.

दार उघडलं. उजेडाचा लोट आत आला. दारात मिटी उभी होती. ती बाईंकडे बघून हसली, पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"किती वेळ गं! चल ना." मग तिचं लक्ष मास्तरांकडे गेलं. दुकानदाराशी बोलावं तशी ती नीट, अदबीने बोलली, "काका, मिळाला का आमचा फोटो?"

"मिटे..." मास्तर म्हणाले. "अगं, मिटे, मी..."

तिने दचकून एक पाऊल मागे घेतलं आणि ती बाईंच्या आड झाली. ओळखदेख नसलेल्या म्हाताऱ्याने लाडाने हाक मारली की तरुण मुलीचा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता. आणि खरं सांगायचं तर मास्तरांना लाजच वाटली. भीती नंतर, दुःख त्याच्याही नंतर, आधी लाज. परक्याच्या मुलीला भलत्या नावाने हाक मारल्याची.

"चुकलं," ते तिला म्हणाले. "माफ करा."

शिवणवाल्या बाई जागच्या हलत नव्हत्या. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मग मास्तरांच्या, मग पुन्हा मुलीच्या. नाक तेच, हे त्यांना आता दिसलं होतं. "मास्तर... ही?" एवढंच त्यांनी विचारलं. मास्तरांनी मान खाली घातली.

मुलीने हात ओढला तशा बाई चालायला लागल्या. दुकानाच्या दाराशी त्यांनी एकदा वळून पाहिलं. त्यांच्या तोंडावर शरम होती, मास्तरांइतकीच. पण तिच्याखाली दुसरंही काही होतं. ते त्यांना लपवता येत नव्हतं, आणि ते मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही.

पावलं रस्त्याला लागली. मग मास्तरांनी डार्करूमचं दार आतून लावून घेतलं. का लावलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तोंड लपवायला एवढीच एक जागा होती, एवढंच खरं.

लाल दिवा जळत होता. फिनेलचा वास आता खोलीभर पसरला होता. आणि मोरीपाशी, खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवरून कुणीतरी हाक मारली.

"बाबा..."

आवाज मिटीचा नव्हता. तो त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. अजून कुणाशीच बोलून न झालेला, चाचपडत येणारा आवाज होता तो.

मास्तरांनी दातांवर दात दाबून धरले. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. बाईंनी पाच वर्षं केलं होतं. पण ज्या पोरीसाठी चोवीस वेळा खोटा खटका वाजवला तीच ही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आणि तिच्यासमोर गप्प बसायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं.

"बाबा..."

"ओ," मास्तर म्हणाले.